सर्वांत महाग इमारत कोणती? दिव्याच्या तुपासकट हिशोब

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवलेला आहे : जगातली सर्वांत महागडी इमारत कोणती? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे त्यासाठी शेवटपर्यंत ताटकळायला नको. आधुनिक टोलेजंग इमारतींपुरतं बोलायचं तर हा मान बहुतेक याद्या मक्केतल्या अबराज अल-बैत या संकुलाला देतात. खर्च सुमारे १,५०० कोटी डॉलर. त्यातला घड्याळाचा मनोरा ६०१ मीटर उंच आहे आणि संकुल २०१२ मध्ये पूर्ण झालं. दुबईची बुर्ज खलिफा उंचीत जगात पहिली, ८२८ मीटर, पण तिचा खर्च सुमारे १५० कोटी डॉलर. म्हणजे सर्वांत उंच ती सर्वांत महाग, असं काही नाही.

झालं, उत्तर मिळालं. आता व्हिडिओ बंद करायला हरकत नाही. पण थांबलात, तर मला या आकड्याच्या पोटात काय असतं ते सांगायचंय. कारण हाच हिशोब तुमच्या-माझ्या राहत्या इमारतीलाही लागू पडतो, आणि तिथे तो चुकला तर भुर्दंड आपल्यालाच बसतो.

मी बोलतोय पापनाशमहून. तमिळनाडूत पापनाशम दोन आहेत. धबधब्याचं आणि धरणाचं ते तिरुनेलवेलीकडचं. मी राहतो ते तंजावर जिल्ह्यातलं, तंजावर आणि कुंभकोणम यांच्यामधलं, कावेरीच्या खोऱ्यातलं भाताचं गाव. इथे गगनचुंबी म्हणावी अशी एकही इमारत नाही. तरीही महागड्या इमारतींबद्दल बोलायला याहून चांगली जागा मला सुचत नाही. का, ते थोड्या वेळाने कळेल. आधी जगाची फेरी मारू.

पहिला प्रश्न : आकड्यात काय काय धरलंय?

सिंगापूरचं मरीना बे सँड्स तुम्ही फोटोत पाहिलं असेल. तीन उंच इमारती आणि त्यांच्या डोक्यावर आडवी ठेवलेली होडीसारखी गच्ची. २०१० मध्ये ते सुरू झालं. त्याचा खर्च सुमारे ८०० कोटी सिंगापूर डॉलर सांगतात, पण यात १२० कोटी डॉलर नुसत्या जमिनीचे आहेत. हाच प्रकल्प स्वस्त जमिनीवर उभा राहिला असता तर यादीत खाली गेला असता. विटा, काच, लोखंड तेवढंच लागलं असतं. उलट बुर्ज खलिफाचा १५० कोटींचा आकडा मुख्यतः इमारतीचा आहे. तेव्हा हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करणं म्हणजे एका घरचा किराणा आणि दुसऱ्या घरचा किराणा अधिक घरभाडं यांची तुलना करणं.

आपल्या मुंबईतलं अँटिलिया घ्या. २७ मजले, सुमारे १७३ मीटर उंची. ‘जगातल्या सर्वांत महागड्या घरांपैकी एक’ म्हणून त्याच्या नावापुढे १०० कोटी डॉलरपासून २०० कोटी डॉलरपर्यंतचे आकडे वाचायला मिळतात. पण यातले बरेच आकडे आज ते विकलं तर किती येतील, याचे अंदाज असतात. बांधायला किती लागले, हा वेगळा प्रश्न. किंमत वेगळी आणि खर्च वेगळा. आजोबांनी काही हजारांत बांधलेला पुण्यातला वाडा आज कोटींचा असतो, म्हणून आजोबांनी कोटी रुपये खर्च केले असं आपण म्हणत नाही.

आता गुजरातमधला सरदार पटेलांचा पुतळा पाहा, स्टॅच्यू ऑफ युनिटी. उंची १८२ मीटर, उद्घाटन ३१ ऑक्टोबर २०१८. कंत्राटाचा आकडा सर्वांना पाठ आहे : २,९८९ कोटी रुपये. पण त्याची फोड कमी लोकांनी वाचलेली असते. त्यात मुख्य पुतळ्याचे १,३४७ कोटी होते, आणि पुढच्या १५ वर्षांच्या देखभालीचे ६५७ कोटी होते. म्हणजे पुतळ्याच्या खर्चाच्या जवळजवळ निम्मी रक्कम फक्त १५ वर्षं त्याला नीट ठेवायला. हा आकडा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

दुसरा प्रश्न : कोणत्या वर्षीचे पैसे?

न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट बिल्डिंग १ मे १९३१ रोजी उघडली. १०२ मजले, आणि बांधकामाला सुमारे ४१० दिवस. जमिनीसकट खर्च सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर. त्याच शहरात २०१४ मध्ये वन वर्ल्ड ट्रेड सेंटर उघडलं, त्याचा खर्च सुमारे ३९० कोटी डॉलर. नव्वदपटीहून जास्त! पण १९३१ चा डॉलर आणि २०१४ चा डॉलर ही एकच वस्तू नव्हे. शिवाय नवी इमारत २००१ च्या हल्ल्याच्या जागेवर उभी राहिली. तिच्या भक्कमपणासाठी आणि सुरक्षेसाठी जो पैसा ओतला, तसा खर्च १९३१ मध्ये कुणाच्या मनातही नव्हता.

आणि सुरुवातीला सांगितलेला आकडा शेवटचा असतो, असंही नाही. सिडनीच्या ऑपेरा हाउसचा पहिला अंदाज होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. १९७३ मध्ये दरवाजे उघडले तेव्हा खर्च पोहोचला होता १० कोटी २० लाखांवर, आणि वेळापत्रक दहा वर्षांनी मागे पडलं होतं. वास्तुकार यॉर्न उत्सोन १९६६ मध्येच काम सोडून गेले होते. यातला बराचसा पैसा सरकारने लॉटरी काढून उभा केला. म्हणजे सिडनीच्या सामान्य माणसाने तिकीट काढलं, नंबर लागला नाही, पण ऑपेरा हाउसच्या कवचाचं एखादं टाइल त्याच्या नावावर जमा झालं म्हणायचं.

तिसरा प्रश्न : उभी राहिल्यावर तिला पोसणार कोण?

हा प्रश्न याद्यांमध्ये येत नाही, आणि मला हाच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एम्पायर स्टेट उघडली ती ऐन महामंदीत. भाडेकरू मिळेनात. लोक तिला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणू लागले, म्हणजे रिकामी बिल्डिंग. ती नफ्यात यायला १९५० च्या आसपासचं साल उजाडलं. तोपर्यंत जवळजवळ वीस वर्षं लिफ्ट चालवायच्या, दिवे लावायचे, हिवाळ्यात इमारत गरम ठेवायची, भाडेकरू असो वा नसो.

बुर्ज खलिफाला बाहेरून २४,३४८ काचेची तावदानं आहेत. ती एकदा पुसून काढायला तीन-चार महिने लागतात, तोवर वाळवंटातली धूळ पुन्हा पहिल्या काचेवर बसलेली असते. या इमारतीचं नाव बांधकाम चालू असताना ‘बुर्ज दुबई’ होतं. २००९ च्या डिसेंबरमध्ये दुबई कर्जात अडकली, तेव्हा शेजारच्या अबू धाबीने १,००० कोटी डॉलर दिले. महिनाही उलटला नाही तो ४ जानेवारी २०१० ला उद्घाटनाच्या दिवशी इमारतीचं नाव बदललं, आणि अबू धाबीचे शासक शेख खलिफा यांचं नाव तिला मिळालं. पडत्या काळात ज्याने हात दिला, त्याचं नाव पाटीवर आलं.

आणि ज्यांना कुणीच पोसत नाही, त्यांचं काय होतं? उत्तर कोरियात प्याँगयांगला ऱ्युग्याँग नावाचं १०५ मजली हॉटेल आहे. १९८७ मध्ये काम सुरू झालं. मध्ये सोळा वर्षं काम बंद पडलं, पुढे बाहेरून काचा लागल्या, रोषणाई झाली. पण त्या हॉटेलात आजवर एकही पाहुणा उतरलेला नाही.

म्हणजे इमारत उभी करणं हा एक खर्च, आणि ती उभी ठेवणं हा दुसरा. पहिला खर्च एकदाच होतो, त्याचं उद्घाटन होतं, फोटो निघतात. दुसरा रोज होतो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. या दुसऱ्या खर्चाचा मला माहीत असलेला सर्वांत तपशीलवार जुना हिशोब इथून पंचवीस-एक किलोमीटरवर, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला आहे. म्हणून म्हटलं, पापनाशम ही या विषयासाठी चांगली जागा.

एक हजार वर्षांपूर्वीचा हिशोब

चोळ राजा राजराज पहिला याने बांधलेलं हे मंदिर. शिखराची उंची सुमारे २१६ फूट. इसवी सन १०१० मध्ये, आपल्या राज्याच्या पंचविसाव्या वर्षी, २७५ व्या दिवशी राजाने शिखरावर चढवायला कलश दिला. कलश तांब्याचा, वजन ३,०८३ पलम, आणि त्यावर मढवायला सोन्याचा पत्रा, वजन २,९२६ पूर्णांक एक द्वितीयांश कळंजू. हो, अर्धा कळंजूसुद्धा लिहिलाय. कळंजू साधारण पाच ग्रॅमचा धरला तर हे सुमारे साडेचौदा किलो सोनं होतं.

जाता जाता एक गोष्ट. या शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असं तुम्ही ऐकलं असेल. पडते. संध्याकाळी आवारात उभे राहा, स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ज्या इमारतीबद्दल इतकं खरं लिहून ठेवलंय, तिच्याबद्दल खोटं सांगायची काही गरज नाही.

तर काय लिहून ठेवलंय? जर्मन अभ्यासक हुल्ट्श यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे शिलालेख वाचून छापायला सुरुवात केली, आणि वाचणारे चकित झाले. मंदिर बांधायला एकूण किती लागले, हे त्यात नाही. दगड कुठून किती आणला, गवंड्यांना किती दिले, याची बेरीज नाही. पण मंदिर *चालवायला* काय लागेल, ते बारीकसारीक तपशिलासह आहे. राजाने दिलेलं, त्याच्या थोरल्या बहिणीने म्हणजे कुंदवैने दिलेलं, राण्यांनी दिलेलं, अधिकाऱ्यांनी दिलेलं. दागिने कोणत्या मापाने तोलले, भात कोणत्या मापाने मोजायचा, तेही.

दिव्याचंच उदाहरण घ्या. देवापुढे एक दिवा अखंड तेवत ठेवायचा. त्यासाठी ९६ मेंढ्या एका धनगराच्या हवाली करायच्या. मेंढ्या नसतील तर ४८ गाई, किंवा १६ म्हशी. बदल्यात धनगराने रोज एक उळक्कू, म्हणजे एक ठरलेलं मापभर, तूप मंदिरात पोचवायचं. वाढलेली पिल्लं त्याची, पण कळपाचा आकडा घटता कामा नये. चोळकाळातल्या अनेक लेखांत अशा मेंढ्यांना मोठा सुंदर शब्द वापरलाय : न मरणाऱ्या आणि न म्हाताऱ्या होणाऱ्या मेंढ्या. मेंढी मरतेच हो, पण *आकडा* मरत नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर मुद्दलाला हात लावायचा नाही, फक्त व्याजावर दिवा जाळायचा.

रोख पैशाचीही अशीच सोय होती. मंदिराचे पैसे गावोगावच्या सभांकडे ठेवी म्हणून दिले जात आणि त्यांनी वर्षाला एक अष्टमांश, म्हणजे साडेबारा टक्के व्याज द्यायचं. काही ठिकाणी ते व्याज नाण्यांत नव्हे, भातात द्यायचं.

इथे क्षणभर थांबा, कारण खरी हुशारी इथे आहे. तूप महागलं तरी ९६ मेंढ्यांचा दिवा विझत नाही, कारण मेंढ्या तूपच देतात, पैसे नाही. भात महागला तरी भाताचं व्याज कमी पडत नाही. महागाईचा परिणाम होऊ नये म्हणून त्यांनी दान *वस्तूत* बांधून ठेवलं. हे अर्थशास्त्राचं पुस्तक न वाचता, गोठ्यातून आणि खळ्यावरून आलेलं शहाणपण होतं.

हे सगळं राजाच्या उदार मनातून आलं, असं मात्र समजू नका. शिलालेखच सांगतात की काही मौल्यवान वस्तू चेर आणि पांड्य राजांना हरवून आणलेल्या लुटीतून घडवल्या होत्या. मंदिराला लावून दिलेल्या गावांचा महसूल शेतकऱ्याच्या भातातून येत होता, त्यात अगदी श्रीलंकेतली गावंसुद्धा होती. तेव्हा ‘कोण पोसतं’ याचं उत्तर त्या काळीही तेच होतं : जो नांगर धरतो तो. फरक इतकाच की त्याच्याकडून काय घेतलं, ते भिंतीवर सर्वांना दिसेल असं लिहिलं होतं.

तेरा कोठारं भात

आता पापनाशमला परत येऊ. आमच्याकडे तिरुपालैतुरै इथे पालैवननाथाचं जुनं शिवमंदिर आहे. त्याच्या आवारात एक गोष्ट बाहेरून आलेल्या माणसाला हटकून बुचकळ्यात टाकते : विटांचं, वर निमुळतं होत गेलेलं, सुमारे ३६ फूट उंचीचं एक प्रचंड गोल बांधकाम. पाहणाऱ्याला वाटतं स्तूप आहे की काय. ते आहे भाताचं कोठार. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तंजावरच्या नायक राजांच्या काळात बांधलेलं, आणि आज राज्य पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक. त्यात ३,००० कलम भात मावतो असं सांगतात. कलम म्हणजे लेखणी नव्हे आणि कायद्याचं कलमही नव्हे. बारा मरक्काल म्हणजे एक कलम, असं ते इथलं धान्याचं माप.

तर एक गंमत करून पाहू. राजराजाने बृहदीश्वर मंदिरासाठी चोळ देशातल्या निरनिराळ्या मंदिरांतून ४०० नर्तकी आणून वसवल्या. प्रत्येकीचं नाव, ती कोणत्या मंदिरातून आली, कोणत्या रस्त्यावर तिचं कितवं घर, सगळं कोरलेलं आहे. प्रत्येकीला एक वाटा, वर्षाला १०० कलम भात. चारशे गुणिले शंभर, ४०,००० कलम. म्हणजे पापनाशमची तेरा कोठारं काठोकाठ भरली तरी हजार कलम कमीच पडतील. मधल्या सहाशे वर्षांत मापं बदलली, म्हणून हा हिशोब ढोबळच धरा. पण यात पुजारी नाहीत, पहारेकरी नाहीत, वादक नाहीत, हिशेबनीस नाहीत, दिव्यांचं तूप नाही. फक्त नर्तकी. दरवर्षी.

आमचं कोठार पाहताना मी म्हणूनच नेहमी सांगतो, की शिखराचा फोटो काढा, जरूर काढा. पण त्या शिखराची किंमत समजून घ्यायची असेल तर कोठार बघा. शिखर म्हणजे झालेला खर्च. कोठार म्हणजे होत राहणारा.

मराठी राजाचे दोन हिशोब

तंजावर म्हटलं की आपल्याला भोसले आठवतात. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी सुरू केलेली ही गादी १८५५ पर्यंत चालली. बृहदीश्वराच्या भिंतीवर तमिळ लेखांच्या सोबतीने १८०३ मध्ये एक प्रचंड लांब मराठी लेख कोरला गेला, भोसले वंशाचा इतिहास सांगणारा, देवनागरीत. हे करवून घेणारे सरफोजीराजे दुसरे. नवं शिखर न बांधता, आठशे वर्षं उभ्या असलेल्या भिंतीवर आपला इतिहास लिहिला. कमी खर्चात जास्त काळ टिकणारं काम म्हणा हवं तर.

पण सरफोजींनी एक मनोराही बांधला. पट्टुकोट्टैजवळ समुद्रकाठी आठ मजली, षटकोनी, सुमारे ७५ फूट उंच. मिनारवरून आलेलं त्याचं नाव ‘मनोरा’. कशासाठी? इंग्रजांनी नेपोलियनला पाडलं, त्या विजयाची आठवण म्हणून! साल १८१४. मराठी राजा, तमिळ किनारा, आणि स्मारक युरोपातल्या लढाईचं. यामागचं कारण समजायला १७९९ चा तह माहीत हवा. त्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला, राजांकडे उरला तंजावरचा किल्ला आणि त्याचा परिसर, वर्षाला एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. ज्याच्याकडून तनखा येतो त्याच्या विजयाचा मनोरा. बुर्ज दुबईचं बुर्ज खलिफा होणं तुम्हाला आठवलं असेल.

याच सरफोजींनी रामेश्वरच्या वाटेवर ओरथनाडूला मुक्तांबाळ छत्र उभारलं. छत्र म्हणजे अन्नछत्र आणि धर्मशाळा. वाटसरूंना जेवण, आजाऱ्यांना औषध, मुलांना शिक्षण. अशा छत्रांना गावं लावून दिलेली असत, म्हणजे चूल कशावर पेटणार याची तजवीज आधीच. कारभार हातचा गेला तरी ही छत्रं आपल्याकडे राहावीत म्हणून सरफोजींनी इंग्रजांशी पत्रव्यवहार केला. किल्ले-मुलूख गेल्यावर राजा कशासाठी भांडला, तर रोज शिजणाऱ्या भातासाठी. मला वैयक्तिकरीत्या हा राजा मनोऱ्यापेक्षा छत्रात जास्त मोठा दिसतो.

आणि बृहदीश्वराला आज कोण पोसतं? बांधकामाची निगा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण राखतं, १९८७ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. पूजाअर्चेची व्यवस्था तंजावर पॅलेस देवस्थानाशी जोडलेली आहे, आणि त्याचं वंशपरंपरागत विश्वस्तपद भोसले घराण्याकडे आहे. चोळांच्या मेंढ्या गेल्या, धनगर गेले, राज्यं गेली. पण दर पिढीत कुणीतरी ‘आता आम्ही बघतो’ म्हणणारं निघालं, म्हणून दिवा लागतो आहे.

गंमत म्हणजे सुरुवातीला सांगितलेलं मक्केचं महागडं संकुलही याच तत्त्वावर उभं आहे. त्याचं अधिकृत नाव ‘राजा अब्दुलअझीझ वक्फ’ असं आहे. हॉटेलं, दुकानं, सदनिका यांचं उत्पन्न दोन पवित्र मशिदींसाठी. आपल्याकडच्या देवस्थान इनामाचीच जातकुळी. जगातल्या सर्वांत महाग इमारतीने स्वतःच्या पोटापाण्याची आणि वर दुसऱ्यांच्या दिव्याची सोय केली आहे.

आता तुमची इमारत

तुम्ही म्हणाल, आमचं काय? आम्ही मुंबईत, पुण्यात, नागपुरात, नाहीतर इंदूर-बडोद्यात दोन-तीन खोल्यांत राहतो. तर ऐका.

महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींमध्ये दोन निधी सांगितलेले आहेत. एक सिंकिंग फंड : सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का दरवर्षी, आणि त्यात जमिनीची किंमत धरायची नाही. दुसरा दुरुस्ती निधी : पाऊण टक्का दरवर्षी. सदनिकेचा बांधकाम खर्च दहा लाख असेल तर सिंकिंग फंड २,५०० आणि दुरुस्ती निधी ७,५०० रुपये, वर्षाला. हे झाले आपले ९६ मेंढ्यांचे कळप.

पण एक मोठा फरक आहे. आपला कळप *मूळ* बांधकाम खर्चावर बांधलेला आहे. १९८५ साली सदनिकेला एक लाख खर्च आला असेल, तर त्या दराने आजही सिंकिंग फंड वर्षाला अडीचशे रुपये! चाळीस वर्षांत जमा किती, दहा हजार आणि वरचं व्याज. आणि लिफ्ट बदलायची, गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं, कॉलमचं प्लॅस्टर काढून सळ्या पाहायच्या, हे सगळं आजच्या भावाने. चोळांनी तूप तुपात बांधलं, आपण आजची सळई १९८५ च्या रुपयात बांधली. हा दर किमान आहे. सर्वसाधारण सभा तो वाढवू शकते. पण सभेला जातो कोण, आणि गेलं तर हात कोण वर करतो?

संरचनात्मक तपासणीचंही तसंच. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर पाच वर्षांनी, आणि तीस वर्षांच्या वर गेली की दर तीन वर्षांनी तपासणी करून घ्या, असं उपविधी सांगतात. तुमच्या इमारतीची शेवटची कधी झाली? आज रात्री सेक्रेटरींना विचारा.

आणि पुनर्विकास. जुनी चार मजली इमारत पाडून बावीस-तीस मजले होतात, जुन्या रहिवाशांना मोठी जागा विनामूल्य मिळते. आनंदच आहे. पण चार लिफ्ट, पाण्याचे पंप, आग विझवण्याची यंत्रणा, जनरेटर, पहारेकरी यांचा महिन्याचा खर्च तुमच्या दारात येतो. पेन्शनवर जगणारी माणसं नव्या घरात येतात आणि वर्षा-दोन वर्षांत ते घर भाड्याने देऊन किंवा विकून लांबच्या उपनगरात जातात, अशी कुटुंबं तुमच्याही ओळखीत असतील. घर मिळालं, पण घराला पोसणं जमलं नाही.

म्हणून करार करताना कार्पेट एरियाइतकाच कॉर्पस फंडाचा हिशोब करा. सोपं गणित आहे. समजा मेंटेनन्स महिन्याला ६,००० रुपयांनी वाढणार, म्हणजे वर्षाला ७२,०००. बँकेत सहा टक्के व्याज मिळत असेल तर मुद्दलाला हात न लावता हे भागवायला सदनिकेमागे १२ लाख रुपये बाजूला लागतील. राजराजाच्या साडेबारा टक्क्यांनी ५ लाख ७६ हजारांत भागलं असतं, पण तो दर आता तुम्हाला कुठली बँक देणार? आणि मेंटेनन्स दरवर्षी वाढतो, तर दरवर्षीच्या व्याजातला थोडा भाग परत मुद्दलात टाकायला हवा. नाहीतर मेंढ्या म्हाताऱ्या होतात.

गावात सभागृह, स्मारक, पुतळा, मंदिराचा जीर्णोद्धार, काहीही निघालं, वर्गणी मागायला मंडळी आली, तर जरूर द्या. फक्त एक विचारा : उद्घाटनानंतरच्या दुसऱ्या वर्षी झाडलोट कोण करणार, विजेचं बिल कोण भरणार, आणि ते कुठे लिहून ठेवलंय? उत्तर तयार असेल तर वर्गणी दुप्पट द्या.

पापनाशमला कधी आलात तर तंजावर-कुंभकोणम गाडीने या. कोठार दाखवतो, आणि बृहदीश्वराच्या भिंतीवरचा मराठी लेख आपण सोबतच वाचू. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.